ऋणनिर्देश, थेंब आणि नारळ

पीएच.डी.च्या प्रबंधात मनापासून वाचलं जाणारं पान एकच असतं, ऋणनिर्देशाचं. बाकीची दोनशे पानं गाईड चाळतो, परीक्षक रेल्वेत नजरेखालून घालतो आणि पुढे वाळवी सावकाश वाचते. ऋणनिर्देश मात्र अख्खा विभाग वाचतो. कुणाचं नाव गाळलंय, कुणाचं कुणाच्या खाली गेलंय, गाईडच्या पत्नीचा उल्लेख ‘मातृतुल्य’ असा आहे की नुसताच ‘मॅडम’, यावर कॅन्टीनमध्ये दोन कटिंग सहज संपतात.

भौतिकशास्त्र विभागात आयुष्य गेल्यामुळे या वाङ्मयप्रकाराचा माझा व्यासंग बरा आहे. क्रम ठरलेला असतो. आधी देव. मग गाईड, पण देवाला एक ओळ आणि गाईडला दीड परिच्छेद, कारण सही गाईडची लागते. मग विभागप्रमुख, ज्यांनी ‘प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली’, म्हणजे किल्ली आपल्या खिशात असूनही कधीमधी दिली. मग फेलोशिप देणारी संस्था, जिचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, पण आभार वेळेवर मानावे लागतात. मग आई-वडील, सासू-सासरे, जोडीदार. आणि सगळ्यात शेवटी, ‘ज्ञात-अज्ञात’च्या जरा अलीकडे, लॅबमधले मामा. तीन वर्षं व्हॅक्यूम पंप चालू ठेवला तो या मामांनी. प्रबंधाची शास्त्रीय विश्वासार्हता ऋणनिर्देशाच्या तळाशी असते, असा माझा जुना सिद्धांत आहे. तो मी छापायला पाठवलेला नाही.

थिन फिल्मवरचा एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला होता. (आपल्याकडे भौतिकशास्त्रात ज्याला काही सुचत नाही तो थिन फिल्म करतो, ज्याला सुचतं तोही शेवटी थिन फिल्मच करतो, कारण उपकरण तेवढंच असतं.) पहिल्या पानावर गजानन महाराज, दुसऱ्या पानावर गाईड. दोन्ही फोटोंची चौकट सारखीच होती. व्हायवाला मी विद्यार्थ्याला विचारलं, यातलं अधिक कडक कोण? तो गाईडकडे बघून म्हणाला, “महाराज दयाळू आहेत, सर.” त्याला पदवी मिळाली. हजरजबाबीपणाला आमच्याकडे वेगळे गुण नाहीत, ही व्यवस्थेतली त्रुटी आहे.

गाईड या माणसाचे अधिकार कुठल्याही अधिनियमात पूर्ण लिहिलेले नाहीत. पूर्वी विद्यार्थ्याने गाईडचं वीजबिल भरायचं, गॅसचा नंबर लावायचा, धाकट्या चिरंजीवांचा ज्वालामुखीचा प्रोजेक्ट करून द्यायचा आणि थोरलीच्या लग्नात पंगतीला वाढायचं, अशी वाटणी होती. मोबाईल आल्यावर बिलं घरबसल्या भरता येऊ लागली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही गुलामी संपली. ती फक्त डिजिटल झाली. आताचा विद्यार्थी सरांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, सरांचं गूगल स्कॉलरचं पान नीटनेटकं ठेवतो, आणि सरांचा पासवर्ड सरांना विसरल्यावर सांगतो. अनेक थोर प्राध्यापकांचा एच-इंडेक्स प्राध्यापकांआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना कळतो.

पण हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजून कुणी खजील होऊ नये. एम.एस्सी.च्या प्रत्येक लॅबमध्ये मिलिकनचा तेलाच्या थेंबाचा प्रयोग असतो. दोन धातूच्या तबकड्या, मध्ये तेलाचे सूक्ष्म थेंब, वर-खाली विद्युतदाब. थेंब अधांतरी तोलून धरायचा आणि त्यावरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढायचा. मूळ प्रयोग शिकागो विद्यापीठातला. रॉबर्ट मिलिकन आधी पाण्याचे थेंब वापरत होता. ते बघता बघता वाळून जात. १९०९ मध्ये हार्वे फ्लेचर नावाचा विद्यार्थी त्याच्याकडे आला. त्याने दुकानातून अत्तर उडवायची फवारणी आणली, घड्याळाचं तेल आणलं, आणि कामचलाऊ उपकरण उभं केलं. थेंब दिसू लागले. मिलिकन खूश झाला. गुरुशिष्यांनी मिळून काम सुरू केलं, आणि शिष्य मनात म्हणाला, पहिल्या निबंधावर आपली दोघांची नावं येणार.

पुढचा प्रसंग वाचताना शिकागो की आपली एखादी स्टाफ कॉलनी, असा संभ्रम पडतो. १९१० च्या जूनमध्ये फ्लेचर घरी तान्ही मुलगी सांभाळत बसला होता. दारात साक्षात गाईड. गाईड घरी आला की काहीतरी गंभीर असतं. एरवी तो बोलावतो. मिलिकनने सांगितलं, पीएच.डी.साठी शोधनिबंध द्यायचा तर त्यावर तुझं एकट्याचं नाव पाहिजे. तेव्हा ब्राउनियन गतीवरचा निबंध तू एकट्याच्या नावाने घे, आणि तो थेंबाचा माझ्या एकट्याच्या नावाने राहू दे. भावकीत जमिनीची वाटणी होते तेव्हा विहिरीकडचा तुकडा थोरल्याला आणि माळरान धाकट्याला, तसंच हे. मांडीवर महिन्याभराचं मूल असलेला माणूस वाटणीत भांडत नाही. थेंबाचा निबंध त्याच वर्षी मिलिकनच्या एकट्याच्या नावाने आला, आणि १९२३ चं नोबेल देताना जी कामं मोजली गेली त्यात हे होतं.

फ्लेचरने पुढे बेल लॅब्जमध्ये ध्वनिशास्त्रात मोठं नाव कमावलं. त्याने ही हकीकत लिहून ठेवली आणि सांगून ठेवलं की आपण गेल्यावरच छापा. आपला यात काही स्वार्थ आहे असं कुणाला वाटायला नको. त्यात गाईडबद्दल कडवटपणा जवळजवळ नाही, उलट मिलिकनने केलेल्या मदतीची आठवण आहे. तो १९८१ मध्ये वारला, हकीकत १९८२ मध्ये छापून आली. बहात्तर वर्षांनी छापला गेलेला इतका सभ्य ऋणनिर्देश माझ्या वाचनात दुसरा नाही.

नावांच्या या बाजारात मला आवडतो तो मांजराचा निबंध. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जॅक हेदरिंग्टनने १९७५ मध्ये एकट्याने निबंध लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ लिहून ठेवलं. एकट्या लेखकाने ‘आम्ही’ लिहिलेलं ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ला चालत नाही, असं मित्राने दाखवून दिलं. संगणकाचे दिवस नव्हते. सगळं पुन्हा टाइप कोण करणार? त्याने घरातल्या चेस्टर नावाच्या सयामी बोक्याला एफ. डी. सी. विलार्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक केलं. निबंध छापला गेला. पुढे काही प्रतींवर बोक्याच्या पंजाचा ठसाही उमटवला. माझ्या शोधनिबंधांवर ज्या विभागप्रमुखांची नावं आहेत, त्यांच्यापैकी एकानेही निबंधाला पंजादेखील लावलेला नाही.

मग या विभागप्रमुखांनी इतक्या निबंधांवर नावं का लावून घ्यावीत? उत्तर साधं आहे: बढती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले. इतके निबंध, इतके गुण. सरकारने गुण जाहीर केले की महाराष्ट्रात क्लास निघतो. इथे नियतकालिकं निघाली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. नावं सगळी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ने सुरू होणारी, आणि संपादकीय कार्यालय एखाद्या झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर. शेवटी २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढून टाकावी लागली. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये सुतकी शांतता होती. एक सहकारी यादी खाली-खाली सरकवत नुसते म्हणाले, “अरे, हेही गेलं!”

त्याच वर्षी साहित्यचौर्याचेही नियम आले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. नियम चांगला आहे, पण आपल्या लोकांना कुठल्याही मर्यादेत हक्क दिसतो. एका विद्यार्थ्याचा अहवाल तीन टक्के आला तेव्हा त्याच्या गाईडने विचारलं, “मग उरलेले सात टक्के का वापरले नाहीस?”

पण नीतीची खरी परीक्षा इतक्या मोठ्या व्यवहारांत होत नाही, ती प्रॅक्टिकलच्या वहीत होते. मिलिकनच्या प्रयोगाचं उत्तर १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात इतके कूलोम. ते प्रत्येक मुलाला बारावीपासून पाठ असतं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून थेंब पकडणं हे भयंकर जिकिरीचं काम आहे. थेंब तरंगता तरंगता पसार होतो, डोळ्यांत पाणी येतं, फवारणी तुंबते. मुलं काय करतात? उत्तरापासून सुरुवात करतात. त्याला आमच्याकडे बॅक कॅल्क्युलेशन म्हणतात. उत्तर वरून खाली येतं, रीडिंग खालून वर जातं, दोघांची मधे गाठ पडते. सीनियरचं जर्नल मिळालं तर तेवढीही मेहनत नको. एक्स्टर्नल विचारतात, “एरर किती?” मुलगी म्हणते, “शून्य टक्के, सर.” एक्स्टर्नल खूश होतात. थेंबाला शून्य टक्के त्रुटी आली तर प्रयोग झालेलाच नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळतं. मात्र शेजारच्या मुलाचं खरंखुरं मोजून २.३ आलेलं असतं, आणि त्याला अर्धे गुण मिळतात.

हेच एक्स्टर्नल एकदा मुलांना प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोलले. फार चांगलं बोलले. मग टीए-डीएचा फॉर्म भरायला बसले. आले होते एका सहकाऱ्याच्या गाडीत मागे बसून. प्रवासाचं साधन या रकान्यात त्यांनी टॅक्सी लिहिलं, आणि पेन थांबवून मला विचारलं, “साधारण किती रक्कम पास होते इकडे?” मी सांगितली. त्यांनी त्या रकमेपासून मागे जात किलोमीटर भरले.

तर मुलांना नैतिकतेचे डोस पाजण्याआधी मिलिकनची वही उघडावी. १९१३ च्या निबंधात त्याने ५८ थेंब दिले आणि लिहिलं की ही निवडक आकडेवारी नाही. ६० दिवसांत प्रयोग केलेले सगळे थेंब यात आहेत. पुढे अभ्यासकांनी वह्या पाहिल्या तर थेंब निघाले १७५ च्या आसपास. काही थेंबांपाशी ‘सुंदर, छापायलाच हवा’ अशा अर्थाचे शेरे, काहींपाशी नापसंतीचे. पुष्कळांनी तेवढ्यावरून त्याला फासावर लटकवलं. मला ते घाईचं वाटतं. गाळलेले थेंब धरून हिशेब केला तरी उत्तर फारसं हलत नाही, फक्त अनिश्चितता वाढते; आणि ज्याचे हात त्या उपकरणात वर्षानुवर्षं गेलेत त्याला कुठला थेंब बिघडलाय ते कळतं. थेंब गाळले याबद्दल माझी तक्रार नाही. ‘सगळे दिलेत’ हे वाक्य लिहायची काही गरज नव्हती.

त्याची दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. हवेच्या चिकटपणाचा आकडा जरा चुकीचा घेतल्याने त्याचं उत्तर सुमारे अर्धा टक्का कमी आलं. रिचर्ड फाइनमनने १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात सांगितलं की नंतर मोजणाऱ्यांची उत्तरं एकदम बरोबर आली नाहीत. ती मिलिकनपासून थोडी-थोडी वर सरकत गेली. कुणाला फार मोठं उत्तर आलं की तो म्हणे, आपलंच काही चुकलंय, आणि चूक शोधत बसे. मिलिकनच्या जवळ आलं की शोध थांबे. मला यात आमचा अख्खा विभाग दिसतो. सरांपेक्षा वेगळं उत्तर आलं की उपकरण तपासायचं, सरांसारखं आलं की चहाला जायचं.

या सगळ्यावर कडी झाली ती २०१९ मध्ये. व्हर्सायच्या परिषदेत २०१८ मध्येच ठराव झाला होता. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार हा मोजायचा आकडाच उरला नाही, तो व्याख्येने ठरला. १.६०२१७६६३४, त्यापुढे शून्यं. आता कूलोमच त्यावरून ठरतं. म्हणजे उत्तर आधी आणि मोजमाप नंतर! वर्षानुवर्षं आमची मुलं जे चोरून करत होती त्याला जगाने मतदान घेऊन मान्यता दिली. आमच्या अभ्यासक्रमात मात्र प्रयोग अजून आहे, आणि २.३ वाल्या मुलाला गुण अजून अर्धेच.

आता धर्म. प्रयोगशाळेत देव असावा की नसावा यावर आमच्या विभागात दरवर्षी एक बैठक होत असे, खंडेनवमीच्या आधल्या आठवड्यात. मामा सगळ्या उपकरणांची पूजा करत. आमच्या एका बुद्धिवादी सहकाऱ्याचा सक्त विरोध. ते राज्यघटनेतलं ५१-अ कलम घेऊन येत. वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घातलेलं. मामा शांतपणे ऐकून म्हणत, “सर, मशीन विद्यापीठाचं आहे, पण शॉक मला बसतो.” यावर घटनेत उत्तर नाही. शेवटी ठराव झाला: हळदकुंकू फक्त स्टॅबिलायझरला, उदबत्ती लेन्सच्या खोलीबाहेर, नारळ पायरीवर. इतिवृत्तात तो ‘उपकरणांची देखभाल’ या विषयाखाली मंजूर झालेला आहे. पुढे एक परदेशी यंत्र बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला. आमचे बुद्धिवादी सहकारी त्याच्याकडे आशेने बघत होते. त्याने यंत्र जोडलं, सुरू करायच्या आधी बॅगेत हात घातला आणि लिंबू काढलं.

१९९५ चा सप्टेंबर मी विसरणार नाही. २१ तारखेला गणपती दूध प्यायला लागले. सोसायटीत भौतिकशास्त्राचा माणूस मीच, त्यामुळे मला घरून ओढून नेलं. चमच्याच्या कडेला दगडाचा स्पर्श झाला की पृष्ठताणाने दूध खेचलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळ होऊन खाली येतं, हे मी फळ्याशिवाय जितकं समजावता येईल तितकं समजावलं. लोकांनी आदराने ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “बाकीच्या मूर्तींचं तसं असेल हो सर. आमचा खरंच पितो.” दुपारी विभागात जाताना देवळासमोर रांगेत आमचे द्रव-गतिकी शिकवणारे सहकारी भेटले. हातात दोन चमचे. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, “एक कंट्रोल म्हणून आहे.” महिन्याभराने, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होतं. महाराष्ट्रात खंडग्रास. विद्यार्थ्यांना पिनहोलमधून सूर्यबिंब दाखवायला आम्ही गच्चीवर होतो, आणि खाली कॅन्टीन वेध पाळून बंद होतं. विज्ञानासाठी उपाशी राहण्याचा तेवढाच योग आला.

मतं मांडण्यापेक्षा मोजून बघावं हे जयंत नारळीकरांनी करून दाखवलं. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग बरोबर घेऊन त्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना आव्हान दिलं: हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या वेगळ्या करून दाखवा. प्रत्येकाला ४० कुंडल्या. उत्तरं पाठवली २७ जणांनी, आणि सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आले असते. म्हणजे ग्रहांचा सल्ला न घेतलेला बरा पडला असता. या चाचणीने किती पत्रिका बंद झाल्या मला ठाऊक नाही; माझ्या एका सहकाऱ्याने हा निबंध वर्गात शिकवला आणि त्याच महिन्यात मुलीची पत्रिका जुळवली. विचारलं तर म्हणाले, “समोरचे मागतात.” दाभोलकरांचं २०१३ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर माझ्याकडे विनोद नाही.

आणि पुन्हा मिलिकन, कारण हा माणूस सुटत नाही. तो धर्मोपदेशकाचा मुलगा, विज्ञान आणि धर्म यांत भांडण नाही असं व्याख्यानांतून सांगणारा. अवकाशातून येणाऱ्या किरणांना ‘कॉस्मिक रेज’ हे नाव त्यानेच दिलं. त्याची खात्री होती की अवकाशात नवे अणू जन्मतात तेव्हाचा हा टाहो आहे. म्हणजे निर्माता अजून कामावर आहे. आर्थर कॉम्प्टन, तोही चर्चला जाणारा, याने जगभरची मोजमापं मांडून दाखवलं की हे मुख्यतः विद्युतभारित कण आहेत. दोन भाविकांत जुंपली, आणि निकाल पृथ्वीच्या चुंबकत्वाने लावला. १९३९-४० च्या हिवाळ्यात तर मिलिकन हे किरण मोजायला फुगे घेऊन भारतात आला होता. कॅलटेकमध्ये त्याच्याबद्दल जुनी गंमत सांगतात: तारतो येशू, श्रेय घेतो मिलिकन. फ्लेचरने ती ऐकली असेल का, हा प्रश्न मला उगीच पडतो. वंशसुधारणेच्या चळवळीशी संबंध होता म्हणून २०२१ मध्ये कॅलटेकने त्याचं नाव इमारतींवरून काढायचं ठरवलं. थेंबाच्या प्रयोगावरून मात्र ते निघणार नाही. तिथे दुसरं नाव लावायची वेळ १९१० मध्ये होती.

श्रद्धाळू माणूस मोजमापाला प्रामाणिक राहील का, या प्रश्नाचा आमच्या विभागात एकच पुरावा उपलब्ध आहे, तो म्हणजे मामांचं लॉगबुक. एकदा विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची पीअर टीम यायची होती. विभागप्रमुखांनी सगळी रजिस्टरं मागवली. रोटरी पंपाच्या रजिस्टरात मामांच्या ठसठशीत अक्षरात नोंद होती: ‘खंडेनवमी. पूजा केली. नारळ फोडला. पेढे वाटले. पंप चालू झाला नाही.’

नकारात्मक निष्कर्ष लिहून ठेवल्याचं विभागाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण. प्रमुख म्हणाले, मामा, ही नोंद खोडा. पूजेचीही आणि पंपाचीही. मामा म्हणाले, “सर, तुम्हीच मुलांना सांगता, रीडिंग खोडायचं नाही. एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी रेघ मारतो, तुम्ही सही करा.”

प्रमुखांनी सही केली नाही. त्यांनी स्टोअरमधून नवं रजिस्टर मागवलं आणि जुनं कपाटात कुलूपबंद केलं. मामांनी नव्या रजिस्टराच्या पहिल्या पानावर ‘श्री’ घातला आणि खाली लिहिलं, ‘पंप बंद.’